शिष्यवृत्ती मोठी, फी त्याहून मोठी

समजा, अमेरिकेतल्या एका कॉलेजनं मुलीला वर्षाला ४० हजार डॉलर देऊ केले आणि दुसऱ्यानं २५ हजार. पहिल्या पत्राचा फोटो लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो. पण पहिल्याचा राहण्या-जेवणासह खर्च ८५ हजार असेल आणि दुसऱ्याचा ५० हजार, तर घरून भरायचे ४५ हजार आणि २५ हजार. आधी किंमत चढवून मग ‘भव्य सूट’ लावणाऱ्या दुकानासारखाच हा प्रकार, फक्त पाटी इंग्रजीत.

त्यात हे ४० हजारही सगळे फुकटचे नसतात. परत न करायची ग्रँट, फेडायचं लोन आणि कॅम्पसवर काम करून मिळवायचे वर्क-स्टडीचे पैसे, हे सगळं एकाच बेरजेत घातलेलं असू शकतं. कर्जाला मदत म्हणायचं धाडस कॉलेजंच करू जाणोत! ‘जीएओ’ या तिथल्या सरकारी लेखातपासणी संस्थेनं २०२२ मध्ये अशी पत्रं पाहिली. सुमारे ९१ टक्के कॉलेजं निव्वळ खर्च सांगतच नाहीत किंवा कमी दाखवतात, असं तिला आढळलं. तेव्हा फक्त ग्रँट वजा करा आणि उरलेल्या आकड्यांचीच तुलना करा. गुणांवर मिळालेली शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी टिकवायला किती ग्रेड लागतात, हेही लेखी विचारून घ्या.

अमेरिकेत राहणाऱ्यांना अंदाज आधीच काढता येतो. २००८च्या कायद्यानं जवळपास सगळ्या कॉलेजांना वेबसाइटवर खर्चाचा कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो. पालक एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असले तरी तिथे जन्मलेलं मूल नागरिक असतं, त्यामुळे ते ‘फाफ्सा’ हा सरकारी मदतीचा अर्ज भरू शकतं. राहतं घर त्यात धरत नाहीत. पुण्यात गुंतवणूक म्हणून घेतलेला फ्लॅट मात्र मालमत्तेत मोजला जातो. ते अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

भारतातून अर्ज करणाऱ्याला फाफ्सा नाही. त्याला विचारायचे प्रश्न दोन: मदत मागितली म्हणून प्रवेशाची शक्यता घटते का, आणि प्रवेश दिला तर गरजेची पूर्ण रक्कम देता का? परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही या दोन्ही कसोट्यांना उतरणारी कॉलेजं मोजकीच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ अशी. हार्वर्डमध्ये २०२५-२६ पासून, मालमत्ता फार नसेल तर, वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन फी माफ आहे. एक लाखापर्यंत राहणं-जेवणही. म्हणजे जिची छापील फी बघून आपण यादीतून नाव खोडतो, ती संस्था मध्यमवर्गीय घराला सगळ्यांत स्वस्त पडू शकते. अडचण फी नव्हे, तिथे प्रवेश मिळण्याची आहे.

बाकीच्या बहुतेक कॉलेजांत परदेशी मुलानं मदत मागितली, की निवडीच्या वेळी ते विचारात घेतलं जातं. म्हणून काही पालक अर्जात मदतीच्या रकान्यात ‘नको’ लिहितात आणि प्रवेश मिळाल्यावर बघू म्हणतात. हा डाव अंगाशी येतो. कारण सुरुवातीला न मागितलेली मदत परदेशी विद्यार्थ्याला नंतरची चारही वर्षं मिळणार नाही, असा नियम अनेक कॉलेजांत आहे.