नुसतें नांव पुरेसें नाहीं



‘आकृतीचें क्षेत्रफळ काढा’ एवढेंच फळ्यावर लिहिलें, तर हुशार विद्यार्थीहि विचारील, ‘कोणत्या आकृतीचें?’ क्षेत्रफळ वर्तुळालाहि असतें व आयतालाहि. पण तें काढण्याची रीत दोहोंची निराळी. संगणकाच्या पास्कल भाषेंत नेमक्या अशाच अडचणीसाठीं एक योजना आहे, तिचा आज परिचय करून घेऊं.

झुरिकचे प्राध्यापक निकलाउस विर्ट यांनीं १९७० सालीं ही भाषा प्रसिद्ध केली व ब्लेझ पास्कल या फ्रेंच गणित्याचें नांव तिला दिलें. पुढें तिच्यांत ‘क्लास’ आला. क्लास म्हणजे एका जातीच्या वस्तूंचा सांचा. १९९५ सालीं निघालेल्या ‘डेल्फी’ या पास्कलच्या अवतारांत ‘आकृति’ हा मूळ क्लास रचतांना क्षेत्रफळ काढण्याच्या कृतीचें नुसतें नांव लिहितात व त्यापुढें ‘व्हर्च्युअल’ आणि ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ हे शब्द जोडतात. पहिल्याचा अर्थ, वंशजांना ही कृति बदलतां येईल. दुसऱ्याचा, येथें तिची रीत दिलेलीच नाहीं. मग ‘वर्तुळ’ व ‘आयत’ हे वंशज आपापली रीत देतात आणि त्या कृतीपुढें ‘ओव्हरराइड’ हा शब्द घालतात. लाभ असा कीं, शंभर आकृतींच्या क्षेत्रफळांची बेरीज करतांना प्रत्येकीची जात विचारावी लागत नाहीं. उद्यां त्रिकोण आला, तरी बेरजेचा भाग तसाच राहतो.

आतां खरी मेख पाहा. ‘ओव्हरराइड’ लिहावयाचें राहिलें, तर प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर अडून बसत नाहीं. ‘नवी कृति जुनीस झांकीत आहे’ अशी सूचना देऊन पुढें जातो. वर्तुळाची रीत लिहिलेली असते, पण मूळ नांवाशीं ती जोडलेली नसते. मग ‘आकृति’ या नात्यानें वर्तुळास क्षेत्रफळ विचारलें कीं, रिकामी जागा पुढें येते व प्रोग्रॅम चालतां चालतां ‘ॲब्स्ट्रॅक्ट एरर’ होऊन अडतो. तोंपर्यंत तो कदाचित् एखाद्या कचेरींत हिशेबाला लागलेलाहि असेल!

मूळ क्लासाचीच वस्तु निर्माण केली, तरी हेंच संकट. तेथेंहि कंपायलर केवळ सूचना देतो. म्हणूनच ओळींची यादी ठेवण्यासाठीं डेल्फींतील ‘टीस्ट्रिंग्ज’ हा मूळ क्लास थेट न घेतां, त्यांतील रिकाम्या जागा भरणारा ‘टीस्ट्रिंगलिस्ट’ घेतात.

तेव्हां नव्यानें शिकणाऱ्यानें दोन गोष्टी कराव्या: वंशज लिहून होतांच मूळ क्लासांतील प्रत्येक रिकाम्या नांवाची पूर्तता झाली कीं नाहीं तें ताडून पाहावें, आणि कंपायलरची सूचना, ती केवळ सूचनाच आहे म्हणून, न वाचतां सोडूं नये.