सुट्टीच्या घरात कोण राबतं?

कॅसलरॉक हे रेल्वेमुळे नकाशावर आलेलं गाव. १८८०च्या दशकात मुरगाव बंदराहून निघालेला पोर्तुगीज हद्दीतला लोहमार्ग घाट चढून वर आला आणि ब्रिटिश हद्दीतल्या मार्गाला इथे मिळाला. १९६१ साली गोवा मुक्त होईपर्यंत हे सरहद्दीचं स्टेशन होतं. कुळ्यापासून इथवरच्या सुमारे २६ किलोमीटरच्या घाटाचा चढ १:३७ इतका खडा आहे, म्हणून वर येणाऱ्या गाडीला आजही जादा इंजिनं जोडावी लागतात. भोवती जोयडा तालुक्याचं जंगल आहे. दांडेलीचं अभयारण्य १९५६चं, अंशीचं राष्ट्रीय उद्यान १९८७चं, आणि दोन्ही मिळून २००७पासून व्याघ्र प्रकल्प, ज्याला २०१५ साली काळी नदीचं नाव मिळालं. पुणे, मिरज, बेळगावकडून गोवा एक्सप्रेसने किंवा गोव्यातून अनमोड घाट चढून मराठी कुटुंबं इथे आणि गणेशगुडी-जोयड्याच्या परिसरात दोन-तीन दिवसांसाठी येतात. पाऊस, झाडी, धनेश पक्षी, काळीचं पाणी, रात्रीचा काळोख यांसाठी ती येतात, आणि यातलं काहीच निवासाच्या मालकाने घडवलेलं नसतं. त्याने उभी केलेली असते ती फक्त राहण्या-जेवण्याची सोय, म्हणजे निव्वळ माणसाचं काम. म्हणून अशा सुट्टीचं मोल ठरवताना खोलीच्या खिडकीतून काय दिसतं यापेक्षा ते काम कोण करतं, किती जणांसाठी करतं आणि त्या माणसाच्या वाट्याला विसावा येतो का, हे आधी पाहिलं पाहिजे असं माझं म्हणणं आहे.

हे काम असतं तरी काय? चार खोल्यांचं, मालकाच्या राहत्या घराला लागून असलेलं निवासस्थान घ्या. पाहुणे सात वाजता चहा मागतात, म्हणजे चूल किंवा शेगडी त्याच्या बरीच आधी पेटते. सकाळची थंडी असली की अंघोळीचं पाणी आधी तापायला लागतं. सौर पॅनल झाडांच्या सावलीत निम्मं काम करतं आणि वीज गेली की गीझर गप्प होतो, मग न्हाणीतल्या हंड्याखाली लाकडं सारावी लागतात. पाणी बहुधा डोंगरातल्या झऱ्याचं, नळीने उतारावरून आणलेलं. पावसाळ्यात ते गढूळ होतं, एप्रिल-मेमध्ये त्याची धार बारीक होते, आणि नळीत पानं अडकली की कुणीतरी वर जाऊन ती साफ करायची असते. भाजीपाला, दूध, गॅसची टाकी रामनगर किंवा लोंढ्याहून येते. पाहुण्यांनी ऐनवेळी दोन जण जास्त आणले तर त्या वेळी बाजारात धावता येत नाही, घरातलंच काहीतरी वाढवावं लागतं. पण सगळ्यांत कठीण गोष्ट पाहुण्यांच्या ध्यानातही येत नाही, ती म्हणजे चादरी. कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत कॅसलरॉकची गणना होते. जून ते सप्टेंबर धुतलेला कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. खोलीमागे दोन चादरी, चार अभ्रे, टॉवेल. एक कुटुंब अकराला बाहेर पडतं आणि दुसरं एकला येऊन ठेपतं. मग स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर दोऱ्या बांधून धुराच्या उबेत चादरी सुकवल्या जातात, उशांना बुरशीचा वास येऊ नये म्हणून दर उघडिपीला त्या बाहेर काढल्या जातात. त्यावर जळवा आहेतच: प्रत्येक फेरफटक्यानंतर मुलांच्या पायांवर मीठ लावायचं, फरशीवरचे डाग पुसायचे, घाबरलेल्या आजीची समजूत काढायची. स्वच्छ, कोरडी, उबदार खोली ही इथे दर दिवशी नव्याने जिंकावी लागणारी गोष्ट आहे.

आता या कामाच्या शेजारी पाहुण्या कुटुंबाला ठेवून पाहू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जात असल्याचं आढळलं. पुरुषांचा ९७ मिनिटांचा. ही पाच तासांची कामगिरी घरातल्या ज्या बाईकडे असते, तिच्यासाठी कौटुंबिक सुट्टीचा खरा प्रश्न डोंगर की समुद्र हा नसतोच, चूल कुणाकडे हा असतो. आपल्याकडची जुनी मे महिन्याची सुट्टी आजोळी जायची. तिथे आईला माहेरपण मिळायचं आणि मामीच्या अंगावर दहा पोरांच्या ताटांचं काम पडायचं. सुट्टी एकीची, राबणं दुसरीचं, आणि त्या राबण्याचा हिशोब कुठेच नाही. युरोपनेही याच गाठीशी झटापट केली. ब्रिटनमध्ये १९३८ साली पगारी सुट्टीचा कायदा झाला. त्याच्या दोन वर्षं आधी बिली बटलिनने स्केगनेसला सुट्टी-छावणी उघडली होती, आणि तिचं एक मोठं आकर्षण हे की तीन वेळचं जेवण छावणीच्या खाणावळीत मिळे, मुलांना सांभाळायलाही माणसं असत. याच्या अगदी उलट वाट १९६८ साली नेदरलँड्समधल्या पीट डर्कसेनने धरली. क्रीडासाहित्याचा व्यापार करणाऱ्या या माणसाने झाडीत छोटी घरं बांधली, ज्यांतून पुढे सेंटर पार्क्स उभं राहिलं. प्रत्येक कुटुंबाला स्वतःचं घर, स्वतःचं स्वयंपाकघर. एकांत मिळाला, पण त्याबरोबर आईच्या हाती झाराही परत आला. जोयड्याच्या घरगुती निवासात तिसरं उत्तर सापडतं: पाहुण्याला स्वतंत्र खोली, आणि चूल यजमानाच्या घराची. पाहुण्या घरातली बाई सुटते, आणि यजमानीण जे काम करते त्याला मामीच्या कामासारखं गृहीत न धरता पैसे मोजले जातात. तिन्हींत मला हे उत्तर अधिक न्याय्य वाटतं, पण ते एका अटीवर टिकतं: निवास लहान असला पाहिजे आणि ते काम पाहुण्याच्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे.

लहान का, तर एका स्वयंपाकघराला मर्यादा असते आणि तीच मर्यादा जंगलाच्या उपयोगी पडते. वीस माणसांचं जेवण घरातल्या दोघी आणि गावातली एखादी मदतनीस मिळून करू शकतात. त्यात नाचणीची भाकरी, सोलकढी, करांदे, कणगी, सुरण येतं, कारण हे सगळं परसात किंवा शेजारच्या कुणबी घरात पिकतं. इथल्या कुणब्यांच्या कंदमुळांचा जोयड्यात मेळा भरतो. दोनशे माणसांचा प्रश्न आला की कंदमुळं बाद होतात, कारण तेवढी रोज मिळत नाहीत. मग ट्रक येतो, शीतपेटी येते, तिच्यासाठी जनरेटर येतो, आणि दोनशे माणसांना संध्याकाळी गुंतवून ठेवायला तरणतलाव, पावसाच्या कृत्रिम फवाऱ्याखालचा नाच आणि मोठे ध्वनिक्षेपक येतात. ज्या शांततेच्या नावाने खोली विकली, ती त्याच आवारात संपते. डोळ्यांसमोर का, तर दिसणारं काम पाहुण्याला आपोआप आवर घालतं. विस्तवासमोर बसलेली बाई दिसते तेव्हा रात्री अकराला पुन्हा भजी मागताना माणूस थबकतो. चादरी वाळताना दिसल्या की रोज नव्या टॉवेलचा आग्रह गळून पडतो. काम पडद्यामागे ढकललं की मागणीला तळ राहत नाही.

यावर पहिली हरकत सोयीची असते, आणि ती खोटी नाही. सोबत गुडघेदुखीची आजी, तान्हं बाळ, पथ्य असलेले आजोबा असतात. त्यांना पाश्चात्त्य पद्धतीचा संडास, कोरडा बिछाना, जवळ डॉक्टर लागतो. मोठ्या रिसॉर्टला हे सहज जमतं असं मानलं जातं. पण या जंगलात डॉक्टर कुणाच्याच आवारात नसतो. तातडीला दांडेली किंवा बेळगावच गाठावं लागतं, खोलीचं भाडं कितीही असो. संडास आणि बिछाना ही चार खोल्यांतही होण्यासारखी गोष्ट आहे, फक्त तिला नियमित देखभाल लागते, आणि राहत्या घराचा मालक ती अधिक तत्परतेने करतो, कारण गळणारं छप्पर त्याच्याही डोक्यावर असतं. केंद्र सरकारच्या ‘इन्क्रेडिबल इंडिया बेड अँड ब्रेकफास्ट’ योजनेत मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे आणि पाहुण्यांच्या खोल्या सहापेक्षा जास्त नसाव्यात, अशा अटी आहेत. ज्याने हे लिहिलं त्याला यजमानाच्या हजेरीचं महत्त्व कळलेलं होतं. रोजगाराची हरकत याहून वजनदार आहे. मोठं रिसॉर्ट पन्नास जणांना पगार देतं, चार खोल्यांचं घर तिघांना. खरं आहे. मात्र त्या पन्नासांतली व्यवस्थापनाची आणि स्वयंपाकाची चांगल्या पगाराची कामं बाहेरून आलेल्या प्रशिक्षित माणसांना मिळतात, आणि गावाकडे उरतं झाडलोट, बागकाम, रखवाली. दहा लहान घरांत मिळून माणसं तीसच लागतात, पण त्यांत दहा कुटुंबं मालक असतात.

सर्वांत अवघड हरकत मात्र माझ्याच बाजूवर उलटणारी आहे. घरगुती निवासात राबतं कोण? पाटीवर आणि बँकेच्या खात्यावर नाव बहुधा पुरुषाचं, पाहुण्यांना घेऊन जंगल दाखवायला तोच जातो, मोबाइलवर बुकिंग तोच घेतो. आणि चूल, चादरी, न्हाणी घरातल्या बाईकडे. घरगुती वातावरणाचं आश्वासन दिलं की तिच्या कामाला वेळापत्रकच उरत नाही. रिसॉर्टमधल्या खानसाम्याची पाळी संपते, हिची संपत नाही. म्हणजे शहरातल्या एका बाईचे पाच तास वाचवण्यासाठी जोयड्यातल्या दुसरीचे दहा तास खर्ची पडायचे, असं होऊ शकतं. ही हरकत मी मान्य करते, पण तिचा उपाय रिसॉर्टकडे जाणं हा नव्हे. नोंदणी आणि खातं तिच्या नावे किंवा निदान दोघांच्या नावे असावं. जेवणाचा दर खोलीत मिसळून टाकण्याऐवजी वेगळा दाखवावा, म्हणजे स्वयंपाक फुकट दिल्यासारखा दिसत नाही. रात्रीची शेगडी बंद होण्याची वेळ भिंतीवर लिहिलेली असावी. आणि पावसाळ्याचे निदान दोन महिने निवास बंद राहावा. हे शेवटचं ऐकून मालक चमकतील, कारण दूधसागर धबधबा फेसाळतो तो याच दिवसांत आणि गर्दीही तेव्हाच उसळते. पण कॅसलरॉकहून रुळांवरून दूधसागरपर्यंत चालत जायला मनाई आहे, काळीतलं राफ्टिंग पावसाळ्यात बंद असतं, चादरी वाळत नाहीत. त्या दिवसांत पाहुण्याला मिळतं सर्वांत कमी आणि घराला कष्ट पडतात सर्वांत जास्त. शिवाय तेव्हाच भाताची लावणी असते. सुट्टी देणाऱ्या घरालाही सुट्टी मिळावी, आणि शेतीच्या हंगामात घराने शेतकरीच राहावं, यात तोटा दिसतो तेवढा नाही; उन्हाळा-हिवाळ्याच्या दरात तो थोडा थोडा भरून काढता येतो, आणि पाहुण्यांनी ती वाढ कुरकुर न करता द्यावी.

आणखी एक गोष्ट लहान निवासांच्या समर्थकांनी टाळू नये. एकेक घर निरुपद्रवी, पण अशी शेकडो झाली तर? कॅसलरॉक ते कुळे रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये रद्द केली. रेल्वे एकच प्रकल्प म्हणून समोर आली, म्हणून तिची तपासणी झाली. खोल्या मात्र एकेक करून उठतात आणि त्यांच्या बेरजेची तपासणी कुणीच करत नाही. झऱ्यावर किती नळ्या बसल्या, किती सेप्टिक टाक्या ओढ्याच्या काठाला आल्या, रात्री किती गाड्या जंगलाच्या रस्त्याने फिरल्या, याचा हिशोब गावपातळीवर व्हायला हवा, आणि ग्रामपंचायतीने झऱ्याच्या उन्हाळी धारेवरून खोल्यांची संख्या ठरवावी. यात नवलाचं काही नाही. गणेशगुडीचं राफ्टिंग आजही असंच मर्यादेने चालतं: सुपा धरणाच्या वीजघरातून जेव्हा आणि जेवढं पाणी सुटतं, तेव्हा आणि तेवढीच नदी वल्हवायला मिळते, पाहुणे कितीही खोळंबले तरी. त्या धरणाखाली सुपे गाव गेलं आणि तिथल्या विस्थापितांना रामनगरला जागा मिळाली, जिथून आज निवासांची भाजी येते. मौजेच्या नदीमागेही कुणाचं तरी घर आहे, हे जाणून वल्ह्याला हात घातला तर मौज कमी होत नाही.

राहता राहिला गाडीचा चालक. भाड्याच्या गाडीने आलेलं कुटुंब खोलीत शिरतं आणि तो दोन रात्री पुढच्या सीटवर पाय मुडपून झोपतो, जळवा आणि डासांसह. मग परतीला अनमोडची वळणं त्याच्याच डोळ्यांवर सोपवली जातात. चार खोल्यांच्या घरात त्याच्यासाठी एक खाट, एक मच्छरदाणी आणि सगळ्यांबरोबरचं ताट ठेवणं ही मोठी बाब नाही, कित्येक यजमान ती न सांगता करतातही. बुकिंग करताना खोलीचा दर विचारला की लगेच चालक कुठे झोपेल हेही विचारावं, आणि त्याचे वेगळे पैसे लागत असतील तर ते तिथेच कबूल करावेत.