लेपटी नर की मादी? पाण्याला विचारा!

श्रोतेहो, पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारात कोळणीच्या टोपलीतली लेपटी आपण पाहिली असेलच. जिभेसारखी चपट, आणि दोन्ही डोळे एकाच अंगाला! जन्मतः मात्र ती अशी नसते. अंड्यातून निघालेले पिल्लू इतर माशांसारखे सरळ पोहते, डोळेही दोन बाजूंना असतात. पुढे एक डोळा सरकत सरकत दुसऱ्या बाजूला येतो आणि पिल्लू तळाच्या चिखलावर आडवे होते.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. चपट्या माशांच्या काही जातींत पिल्लू नर होणार की मादी, हे नुसत्या आईबापांच्या बीजावर ठरत नाही. लहानपणी लाभलेल्या पाण्याच्या उष्णतामानावरही ठरते. जपानात ‘हिरामे’ नावाचा मासा आहे. त्याची बीजाने मादी असलेली पिल्ले 18 अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाढवली, तर माद्याच होतात. तशीच पिल्ले 27 अंशांच्या पाण्यात वाढवली, की नर होतात. असे का व्हावे? माशाच्या अंगात नररसाचा मादीरस करणारे एक विकर असते. ऊन पाण्यात त्याचे काम थंडावते आणि मादी घडायची राहून जाते.

हा खेळ केवळ प्रयोगाच्या हौदातला नव्हे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या खाड्यांतील चपट्या माशांची पाहणी 2019 साली प्रसिद्ध झाली. जिथले पाणी अधिक ऊन, तिथे पिल्लांत नरांचा भरणा अधिक! चीनच्या किनाऱ्यावर आपल्या लेपटीचीच एक भाऊबंद जात आहे. 28 अंशांच्या पाण्यात तिच्याही पुष्कळ माद्या नर बनतात, आणि ही खोड त्यांच्या संततीत उतरते.

कोणी म्हणेल, “मास्तर, नर काय नि मादी काय, कालवण सारखंच!” कालवण सारखे खरे, पण अंडी मादीच घालते. शिवाय या माशांत मादी अंगाने मोठी होते. म्हणजे मोठा मासा म्हणून आपण निवडून घेतो, ती बहुधा मादीच. पाणी तापून माद्या आधीच घटल्या आणि उरलेल्या आपण उचलल्या, तर पुढल्या वर्षी जाळ्यात काय येणार?

म्हणून डोलीत आलेली बोटभर जिवंत पिल्ले पाण्यात परत सोडावीत. उथळ पाण्यावर सावली धरणारी तिवरे राखावीत. शिक्षक मित्रांनी धरमतरच्या किंवा कुंडलिकेच्या खाडीचे उष्णतामान मुलांकडून महिन्याच्या महिन्याला टिपून घ्यावे. घरी लेपटी आली, की तिच्यात गाभोळी निघाली का, तेही आईला विचारून वहीत लिहावे. चार-पाच वर्षांत ती वहीच आपल्या खाडीची हकिगत सांगू लागेल.