अनाथ आणि पोरकं

दसरा उलटला की कोल्हापूर, सांगली, निपाणीकडची माणसं कापडखरेदीला गांधीनगर गाठतात. ठोक भाव, सिंधी दुकानदार आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पाऊल ठेवायला जागा नाही अशी गर्दी. याच जमिनीवर १९४३ ते १९४८ या काळात पोलिश भाषेतल्या शाळा भरत होत्या. ती वळिवड्याची छावणी. पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं तिथं राहिली, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. ती गेली आणि रिकाम्या बराकींत फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली. एकाच छपराखाली पाठोपाठ दोन परक्या मुलखांतली मुलं वाढली.

संकटात सापडलेल्या मुलांना जगानं कशी मदत केली याचा आढावा घ्यायचा, तर मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. याचं कारण मराठीतल्या दोन शब्दांत आहे. अनाथ आणि पोरकं. अनाथ हा नोंदवहीतला शब्द. आईबाप नाहीत, एवढंच तो सांगतो. पोरकं म्हणजे ज्याला आपलं म्हणणारं कुणी उरलं नाही ते. आईबाप जिवंत असूनही मूल पोरकं होऊ शकतं, आणि दोघंही गेलेलं मूल आजीच्या पदराखाली पोरकं होत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांतल्या मदतकार्यानं मुलं जगवण्यात मोठी मजल मारली. पण जगवताना त्यांना पोरकं करायचं नाही, हे त्याला फार उशिरा सुचलं.

आपल्याकडचं मोठं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. स्वतःच्या तरुण वयात त्यांनी उपासमारीत आईवडील आणि बहीण गमावली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली रस्त्यावर मरत होत्या, आणि त्याहून वाईट म्हणजे विकल्या जात होत्या. रमाबाई स्वतः तिकडं गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळावर बस्तान बसवलं. पुढं १९०० च्या गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही तिथं आल्या. तिथल्या मुक्ती मिशनमधल्या धर्मांतरावरून झालेला वाद जुना आहे आणि तो खोटा नव्हता. तरीही त्या मुलींपुढं दुसरा रस्ता कोणता होता, हा प्रश्न टीकाकारांनी त्या काळी क्वचितच स्वतःला विचारला. मूल उचलून आणण्याखेरीज गत्यंतर नसतं असे प्रसंग असतात. केडगाव हा तसा प्रसंग होता.

युरोपात या कामाला संस्थेचं रूप आलं ते पहिल्या महायुद्धानंतर. नोव्हेंबर १९१८ मध्ये तोफा थांबल्या, पण दोस्तांनी जर्मनी-ऑस्ट्रियाची समुद्री नाकेबंदी पुढं कित्येक महिने उठवली नाही. व्हिएन्नातली मुलं मुडदुसानं वाकली. एग्लंटाइन जेब नावाच्या इंग्रज बाईंनी १९१९ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उपाशी ऑस्ट्रियन बाळाचं छायाचित्र असलेली पत्रकं वाटली. पोलिसांनी पकडलं, पाच पौंड दंड झाला. दंडाची ती रक्कम सरकारी वकिलानंच त्यांच्या हातावर ठेवली, असं सांगतात. त्याच वर्षी मे महिन्यात 'सेव्ह द चिल्ड्रन' निधी उभा राहिला. कालपर्यंतच्या शत्रूच्या पोरांना दूध द्यायचं म्हणून देशद्रोही ठरवणारेही होते. १९२४ मध्ये राष्ट्रसंघानं जेबबाईंच्या मसुद्यावरून पाच कलमांचा जाहीरनामा स्वीकारला. आपत्तीत मदत सर्वांत आधी मुलाला मिळावी, हे त्यातलं एक कलम. आज ते इतकं साधं वाटतं, की कुणीतरी ते पहिल्यांदा लिहावं लागलं याचंच नवल वाटतं.

आता पुन्हा वळिवड्याकडं. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर चाल केली आणि या पोलिश कैद्यांची सुटका झाली. मग भुकेनं आणि टायफसनं मरत मरत ही माणसं दक्षिणेकडं सरकली आणि इराणमार्गे हिंदुस्थानात पोचली. पहिली मुलं १९४२ मध्ये आली. जामनगरजवळच्या बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी त्यांच्यासाठी छावणी उभारली; ती मुख्यतः अनाथ मुलांची होती. मग कोल्हापूरजवळ वळिवड्याची, कुटुंबांसाठी.

या छावणीत काय काय होतं ते पाहिलं म्हणजे तिचं यश कशात होतं ते कळतं. पोलिश शिक्षक, पोलिश पुस्तकं, चर्च, स्काउट पथकं, नाटकं, आणि छावणीचा कारभार बराचसा त्यांचा त्यांनीच बघायचा. खर्चाचा मोठा भार लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार उचलत होतं. म्हणजे इथं मूल उचलून आणलं नव्हतं, जवळजवळ गावच उचलून आणलं होतं. आई सोबत, भाषा सोबत, मास्तर सोबत. पंचगंगेच्या काठी वाढलेली ती मुलं पुढं इंग्लंड, पोलंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडात पांगली आणि म्हातारपणी पुन्हा कोल्हापूर बघायला येत राहिली. २०१९ मध्ये तिथं स्मृतिस्तंभ उभारला गेला. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

त्याच महायुद्धात याच्या उलटा प्रयोग युरोपात चालला होता. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी लंडनची मुलं आयांविना खेड्यापाड्यांत पाठवली जात होती. फिनलंडनं सुमारे ७०,००० मुलं स्वीडनला धाडली. गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून. हेतू चांगलाच होता. पण लंडनमध्ये हॅम्पस्टेडला युद्धकाळातल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवणाऱ्या अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी नोंदी ठेवल्या, त्यातून एक चमत्कारिक गोष्ट पुढं आली. आईजवळ असलेलं लहान मूल बॉम्बच्या आवाजानं फारसं मोडत नाही. ते मोडतं आई दुरावल्यानं. आपल्याकडं याला 'लळा' म्हणतात, आणि लळा तुटलेलं वासरूसुद्धा चारा सोडतं हे कुणाही गुराख्याला ठाऊक असतं. शास्त्राला ते सिद्ध करायला महायुद्ध लागलं. फिनलंडची मुलं परत आली तेव्हा कित्येकांना फिनिश येत नव्हतं. आईशी बोलायला दुभाष्या लागला तर त्या घरी येण्याला काय म्हणायचं?

युद्ध संपल्यावर, ११ डिसेंबर १९४६ रोजी, 'युनिसेफ'चा जन्म झाला. नावातच 'आणीबाणी' हा शब्द होता, कारण युरोपातली मुलं सावरली की हा निधी मोडीत काढायचा असा बेत होता. १९५३ मध्ये तो कायमचा झाला. त्याच्या दूध-भुकटीच्या आठवणी आपल्याकडच्या जुन्या पिढीला असतील. आणंदच्या दूध प्रकल्पाला आणि आपल्या पिंपरीच्या पेनिसिलीन कारखान्याला यंत्रसामग्रीची मदत याच निधीतून आली.

पण मदतीची दिशा खऱ्या अर्थानं बदलली ती मला वाटतं १९७१ मध्ये, बनगावात.

पूर्व पाकिस्तानातून एक कोटीच्या आसपास माणसं भारतात आली. पावसाळा, चिखल, छावण्यांत पटकी. सीमेजवळच्या बनगावच्या इस्पितळात दोन खोल्या भरून रोगी जमिनीवर पडलेले, आणि सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉक्टर दिलीप महालनबीस यांना शिरेतून सलाइन देताना रोग्यांच्या जुलाब-उलट्यांत गुडघे टेकून बसावं लागत होतं. त्यांनी एक जोखीम घेतली. लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यात पुड्या बांधल्या, पिंपांत द्रावण कालवलं आणि रोग्याच्या माणसांच्या हातात पेला दिला: पाजत राहा. तीस टक्क्यांच्या घरात असलेला मृत्युदर त्यांच्या देखरेखीखालच्या रोग्यांत चार टक्क्यांच्याही खाली आला. वैद्यकीय जगानं आधी नाक मुरडलं; डॉक्टर-नर्सशिवाय, घरच्या माणसानं पाजलेल्या मीठ-साखरेच्या पाण्याला औषध कसं म्हणायचं? १९७८ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं तेच जगभर नेलं. महालनबीस २०२२ मध्ये वारले, आणि पद्मविभूषण त्यानंतर जाहीर झाला. आपली जुनी सवय.

बनगावचा खरा शोध मला त्या द्रावणापेक्षा पाजणाऱ्या हातात दिसतो. औषध आईच्या हातात गेलं आणि मूल मांडीवरच राहिलं.

पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ पडला. त्याची आठवण आपण लाल मिलो, सुकडी आणि खडीच्या ढिगांशी जोडतो. दुष्काळी कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. त्या कामांवरचा भ्रष्टाचार, फोडलेली आणि पुन्हा फोडलेली खडी, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. मजुरी आईबापांच्या हाती पडली म्हणून घरं टिकली. १८९७ सारखी मुलं रस्त्यावर आली नाहीत. मुलांची मदत म्हणून कुणी ती मोजत नाही, पण माझ्या हिशेबी ती तशीच मोजायला हवी.

तीव्र कुपोषणाच्या उपचारात हे वळण यायला आणखी पंचवीस वर्षं लागली. तोवर आफ्रिकेतल्या दुष्काळात उपचार केंद्रं उघडत. तिथं खास दूध दर काही तासांनी पाजायचं, आणि त्यासाठी आईनं तीन-चार आठवडे मुक्काम ठोकायचा. मागं घरी बाकीची तीन पोरं आणि शेत. शिवाय एका छताखाली शेकडो अशक्त मुलं म्हणजे गोवराला आमंत्रण. १९९६ मध्ये फ्रेंच बालरोग आहारतज्ज्ञ आंद्रे ब्रियाँ यांनी मिशेल लेस्कान या उत्पादकाबरोबर दूध, साखर, तेल, जीवनसत्त्वं शेंगदाण्याच्या लगद्यात घोटली. ९२ ग्रॅमची पुडी, ५०० उष्मांक. पाणी घालायचं नाही, शिजवायचं नाही. कोपरा फाडायचा आणि मुलानं चोखायचं. डॉक्टर स्टीव्ह कॉलिन्स यांनी २००० मध्ये इथिओपियात मुलांना घरीच ठेवून असे उपचार करून दाखवले. २००५ च्या नायजरच्या दुष्काळात हजारो मुलं याच पुड्यांवर, घरी राहून बरी झाली, आणि २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी या पद्धतीवर शिक्कामोर्तब केलं. निदानासाठी लागते एक रंगीत पट्टी. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की लाल. ती आता आयांनाच वापरायला शिकवतात.

ही पुडी भारतात आली तेव्हा वाद झाला, महाराष्ट्रातही. पाकीटबंद खाऊ की अंगणवाडीतलं गरम जेवण? मला दोन्ही बाजूंचं अर्धं अर्धं पटतं. मरणाच्या दारात असलेल्या मुलाला पुडी नाकारणं हा हट्ट झाला. पण मेळघाटातली दर पावसाळ्यातली बालमृत्यूची बातमी ही आणीबाणी नव्हे, ते वहिवाटीचं दुर्लक्ष आहे, आणि वहिवाटीवर पुडीचा उतारा चालत नाही. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या बायका बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळ सांभाळू लागल्या. तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. तिथंही इस्पितळच घरी गेलं.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून निजलेलं किल्लारी पहाटे चारच्या सुमारास मातीच्या भिंतींखाली गाडलं गेलं. लातूर-उस्मानाबादमधली हजारो माणसं गेली. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली. वाघोलीचं संकुल त्यातून उभं राहिलं. पण २००१ मध्ये भुजला भूकंप झाला तेव्हा हीच संस्था तिकडं गेली ती शाळा बांधायला. काही महिन्यांत साडेतीनशेहून जास्त शाळा उभ्या केल्या आणि मुलं आपापल्या गावांत शिकू लागली. आठ वर्षांत एका संस्थेनं कूस बदलली, ती मला या सगळ्या आढाव्याचीच लहान प्रत वाटते.

ज्यांनी ती बदलली नाही त्यांच्या गोष्टीही आहेत. २००७ मध्ये चाड देशात एका फ्रेंच संस्थेची माणसं १०३ मुलांना विमानात बसवताना पकडली गेली. दारफूरचे अनाथ, असं त्यांचं म्हणणं. बहुतेक मुलं निघाली चाडचीच आणि आईबाप जिवंत असलेली. जानेवारी २०१० मधल्या हैतीच्या भूकंपानंतर दहा अमेरिकी धर्मप्रचारक ३३ मुलांसह सरहद्दीवर अडवले गेले, तिथंही तेच. म्हणूनच अशा वेळी जाणकार माणसं 'अनाथ' हा शब्द घाईनं लिहीत नाहीत, 'विलग झालेलं मूल' म्हणतात. रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर लाखाहून जास्त मुलं घरच्यांपासून तुटली होती. नाव सांगता न येणाऱ्या लहानग्यांचे फोटो छावण्याछावण्यांत फिरवले आणि वर्षानुवर्षं खपून हजारो मुलांची माणसं हुडकून काढली. वर्तमानपत्रांत त्याचे मथळे झाले नाहीत.

आणि आज? १ ऑगस्ट २०२४ रोजी सुदानमधल्या झमझम छावणीत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. एक वर्षानं, २२ ऑगस्ट २०२५ ला, गाझा शहर परिसरात. मधल्या काळात, जुलै २०२५ मध्ये, अमेरिकेनं आपली परदेशी मदतीची यंत्रणाच गुंडाळली. जगभर जाणाऱ्या शेंगदाण्याच्या पुड्यांचा मोठा खरेदीदार तीच होती. तयार खोकी गोदामांत अडकली. सुदानात मोठ्या संस्थांना वाट मिळत नव्हती तिथं गल्लीतल्या तरुणांनी 'आणीबाणी कक्ष' काढले आणि चुली पेटवल्या. पैसा आटल्यावर त्यांतल्या शेकडो चुली विझल्या. काही अजून चालू आहेत. भल्या मोठ्या पातेल्यात मसूर नाहीतर घेवड्यासारखं कडधान्य शिजतं, मुलं घरून भांडी घेऊन रांग लावतात, आणि मिळेल तेवढं झाकून घरी नेतात.