लाकूड तेच, आवाज नवा

माझ्या जुन्या गिटारवर मी हौसेनं पॉलिशचा जाड थर चढवला आणि तिचा आवाजच बसला. चूक कुठं झाली, हे उमगलं ते कॅलिफोर्नियातल्या टेलर कंपनीच्या गिटारमुळं. २०१४ मध्ये या कंपनीनं आपली ‘८००’ मालिका नव्यानं घडवली. पाठ आणि बाजू भारतीय शिसवीच्याच ठेवल्या. पॉलिशचा थर मात्र जेमतेम ०.०९ मिलिमीटरवर आणला. फळ्यांची जाडी आणि आतल्या आधारपट्ट्या गिटारच्या प्रत्येक आकारानुसार ठरवल्या. पट्ट्या चिकटवायला प्रथिनयुक्त सरस वापरला. लाकडाचा कंप कमी अडला, की स्वर मोकळा होतो आणि अधिक वेळ रेंगाळतो. घुमारा शिसवीत असतोच. आपण त्याची वाट अडवायची नाही, इतकंच!