अळीचं खत? नको गं बाई!

मुरबाडहून डोंबिवलीत भाजी आणणाऱ्या मावशींना मी ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या माशीच्या अळ्यांपासून होणाऱ्या खताबद्दल सांगितलं. त्या उखडल्याच. “अळी दिसली की आम्ही फवारतो, ताई!” खरंय, लष्करी अळी भाताचं काय करते ते त्यांनी पाहिलंय. ही अळी मात्र उभ्या पिकाला तोंड लावत नाही. आपल्या घरचा ओला कचरा दोनेक आठवड्यांत फस्त करते. मग अळ्या चाळून काढतात; शेतात जाते ती त्यांची विष्ठा आणि उरलासुरला चोथा. माशी चावतसुद्धा नाही.

“एका वाफ्यात घालून बघा.”

“पीक गेलं तर भरून देणार कोण?”

मी गप्प. शेवटी म्हटलं, आधी माझ्या कुंडीतल्या मेथीला घालते.

“घाला. मग मी बघायला येते.”