फरश्या हाती लागतात, चित्र नाही

ऑगस्ट २०१७. पॅरिसमध्ये दोन माणसं चकाकती जॅकेटं घालून भर दिवसा शिडीवर चढली आणि ‘इनव्हेडर’ या चित्रकाराची डझनभराहून जास्त मोझेक भिंतींवरून उखडून घेऊन गेली. आपण पालिकेचे कर्मचारी आहोत, असं ती सांगत होती. पालिकेनं तक्रार केली ती या तोतयेगिरीची. चोरी नेमकी कुणाच्या मालाची झाली, हे ठरवणं अवघडच, कारण इनव्हेडरसुद्धा सहसा कुणाची परवानगी न घेताच भिंतीवर चढतो.

हा चित्रकार चेहरा दाखवत नाही. १९७८च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’ या जपानी व्हिडिओ गेममधले ठोकळेबाज परग्रहवासी तो छोट्या चौकोनी टाइल्समधून भिंतीवर उतरवतो. एक टाइल म्हणजे पडद्यावरचा एक पिक्सेल. १९९८पासून हे काम त्यानं नेटानं चालवलंय. एकट्या पॅरिसमध्ये त्याची हजारावर मोझेक लागली. आपल्या वाराणसीतही तो येऊन गेला. प्रत्येक मोझेकला शहराची आद्याक्षरं आणि क्रमांक मिळतो, त्याची नोंद राहते.

आता छिन्नी चालवणाऱ्याच्या हाती काय लागतं ते पाहा. टाइल्स सिमेंटनं पक्क्या बसवलेल्या असतात. उखडताना काहींचे कोपरे उडतात, काहींचा चुरा होतो. मग दुकानातून तशाच टाइल्स आणून खळगे भरायचे. या टाइल्स कुणालाही विकत मिळतात. म्हणजे ‘अस्सल’ म्हणून विकला जाणारा तुकडा बऱ्याचदा काही अंशी नवाच असतो आणि सोबत चित्रकाराचा कागदही नसतो. इनव्हेडर रस्त्यावरच्या मोझेकची एकच प्रतिकृती स्वतः बनवतो, ओळखपत्रासह. तिला तो ‘एलियस’ म्हणतो. लिलावात खरी किंमत येते ती तिला. हाँगकाँगच्या प्रशासनानं २०१४ मध्ये त्याची मोझेक भिंतींवरून काढून टाकली. त्यातल्या कुंग-फू करणाऱ्या कुत्र्याची एलियस पुढच्याच वर्षी सदबीजच्या लिलावात सुमारे वीस लाख हाँगकाँग डॉलरना गेली.

मला खरे संग्राहक वाटतात ते वेगळेच. २०१४ मध्ये इनव्हेडरनं एक ॲप काढलं. मोझेकसमोर उभं राहून फोटो काढायचा, ॲप ते ओळखतं आणि गुण देतं. लोक त्यासाठी शहरंच्या शहरं पायी पालथी घालतात. त्यांच्यातलेच काही उखडलेली मोझेक पुन्हा उभी करतात. जुन्या फोटोवर चौकटी मोजायच्या, त्याच मापाच्या आणि रंगाच्या टाइल्स शोधायच्या आणि चित्रकाराच्या संमतीनं त्याच जागी बसवायच्या. कोपऱ्यावरचं घर, रस्त्याच्या नावाची पाटी, खालची वर्दळ हे सगळं त्या चित्रात येतं. ते दिवाणखान्यात नेता येत नाही.

त्यामुळे भिंतीवरून काढलेला तुकडा कुणी विकायला आणला, तर घेऊ नका. गिऱ्हाईक नसेल, तर छिन्नीही चालणार नाही.